इसाकचा पसा

आमच्या पेठेइतकी संशयी वस्ती अख्ख्या बीडमध्ये नसेल. कुणी फुकट पाणी पाजलं तर आमची माणसं आधी तांब्यात डोकावत आणि मग पाजणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. हजराबीची ही हकिकत मी ज्यांच्याकडून ऐकली, त्यातल्या प्रत्येकाने शेवटी बजावलं, की बाकीचे सांगतील त्यावर विश्वास ठेवू नकोस. तेव्हा मी कुणावरच न ठेवता, माझ्या बुद्धीला पटलं तेवढं सांगतो.

निजामाचं राज्य होतं. बिंदुसरेच्या काठाला आमची पेठ आणि पेठेच्या मधोमध सरकारी मदरसा. काळ्या दगडाच्या दोन लांब खोल्या, पुढे ओटा, ओट्याखाली शहाबादी फरशीचं ऐसपैस अंगण आणि कोपऱ्यात लिंबाचं झाड. बाकी पेठेत पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा. पण एवढ्या देखण्या शाळेत पोरं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. पेठेचा शाळेवरही संशय होताच. सरकार पोरांची नावं लिहून घेतंय ते कावून? फौजेत न्यायला, असं निम्मी पेठ म्हणायची. उरलेली म्हणायची, पोरगं उर्दू शिकलं की बापाला जुमानत नाही.

फाटकाला लागून एक खोली होती, तिच्यात हजराबी राहायची. शाळेचा चपराशी इसाक याची ती विधवा. इसाक गेल्यावर झाडलोट आणि पाणी भरणं तिच्याकडे आलं आणि त्याबरोबर खोलीही राहिली. मूलबाळ नाही, माहेर उरलेलं नाही. अंगाने उंच, काटकुळी, तोंडात मिश्री आणि कमरेला फाटकाची किल्ली. बोलायची कमी, बघायची जास्त. हा गुण आमच्या पेठेत कुणालाच आवडत नाही.

तिच्यात आणि पेठेत एक जुनी अढी होती. ती केशरबाईपासून सुरू झाली. केशरबाई म्हणजे पेठेतली वजनदार बाई, धर्मापुरीकडची लेक. घरी जमीनजुमला भरपूर. नवरा अबोल, त्यामुळे त्याच्या वाट्याचंही तीच बोलायची. इसाक जिवंत असताना एका उन्हाळ्यात तिने सांडगे शाळेच्या अंगणात वाळत घातले आणि राखण इसाकवर सोपवली. आमच्याकडे रीत अशी, की जो वाळवण राखील त्याला जाताना त्यातलं पसाभर द्यायचं. ना ते देणाऱ्याला जड, ना घेणाऱ्याला लाजिरवाणं. संध्याकाळी केशरबाई टोपली घेऊन आली, तर अर्धे सांडगे गायब.

"पसा मिळतोय म्हणून का टोपलं न्यायचं?" ती फाटकात उभी राहून ओरडली. सगळी पेठ ऐकत होती.

इसाकने आपल्या वाट्याला आलेला पसा परत तिच्या टोपलीत टाकला. "आजपासून या पेठेचा दाणा मला हराम हाय," एवढंच बोलला. नंतर त्याने कुणाच्या लग्नातला विडासुद्धा घेतला नाही. दुसऱ्या वर्षी माघात तापाने गेला. त्याची शपथ मग हजराबीने उचलली, जशी झाडणी उचलली तशी.

या सगळ्यानंतर काही वर्षांनी तालीम खात्याच्या मोहतमिमांचा, म्हणजे शाळा तपासणाऱ्या साहेबांचा निरोप आला. रमजान संपायच्या आत येऊन बघतो, पोरं दिसली नाहीत तर मदरसा उचलून केजला नेतो. शाळेचे हेडमास्तर सुंदरराव, पाटोद्याचा सज्जन आणि घाबरट माणूस. निरोप ऐकून ते दिवसभर चष्मा पुसत बसले. त्यांची बदली झाली असती, एवढंच. हजराबीची बदली कुठे होणार? शाळा गेली की खोली गेली, आणि खोली गेली की ती थेट रस्त्यावर.

"मास्तर," ती म्हणाली, "पोरगं आईच्या पदराला असतं. आई अंगणात बसली तर पोरगं वर्गात बसंल. न्हाई तर तुमी फळ्याला शिकवा."

"आया इथं कावून येतील?"

"वाळवणाला. पेठेत अशी फरशी कुणाकडं हाय?"

"सरकारी जागेत पापड? कुणी विचारलं तर?"

"तर म्हना, कावळे हाकायला बाया ठेवल्यात."

त्या साली रमजान आणि वाळवण एकाच उन्हात आले होते. शाळा सकाळची. पहिल्या दिवशी फाटक उघडलं तेव्हा एकटी बायनाबाई आली. ती शेवया वळणारी. तिचा हात इतका बारीक, की लोक त्यातही काही लबाडी शोधायचे. तिने दिवसभर शेवया वाळवल्या आणि कुणी काही हिसकावून घेतलं नाही, हे पेठेने आपापल्या दारातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी चार जणी आल्या, मग गल्लीच आली. लिंबाला एक घोंगडी आडवी बांधून पलीकडे मुसलमान बाया ईदेच्या शेवया करू लागल्या, अलीकडे आमच्या बाया कुरड्या, पापड, शेवया. दोन्हीकडचं एकाच उन्हात वाळत होतं, आणि घोंगडीच्या भोकातून दोन्हीकडच्या बाया एकमेकींच्या पिठावर नजर ठेवून होत्या.

आईच्या मागे पोरं आली. उन्हात लुडबुड नको म्हणून आयांनीच त्यांना वर्गात पिटाळलं. मग ओट्यावर दुपारी पुरुषही टेकू लागले. कचेरीत कुणाशी काय बोलावं ते मास्तरांना विचारू लागले. गटाराचं जुनं भांडण त्या ओट्यावर मिटलं. देवी टोचणारा माणूस दरसाल पेठेतून शिव्या खाऊन जायचा. त्या साली तो ओट्यावर बसला आणि आयांनी आपल्या डोळ्यांसमोर पोरांना टोचून घेतलं. आश्रुबा परटाच्या पोरीच्या लग्नाचं वऱ्हाडसुद्धा शाळेतच उतरलं. सरकारी मदरसा बघता बघता पेठेचा झाला. हे सगळं घडवणारी हजराबी दिवसभर रोज्याच्या कोरड्या तोंडाने, हातात काठी घेऊन, कावळे हाकत बसायची.

केशरबाई सगळ्यांत उशिरा आली. आली तीही कोपरा धरून. तिने पापडांखाली एक जाडंभरडं, नवं पांढरं धोतर अंथरलं.

"कापड तं लई दणकट हाय," बायनाबाई म्हणाली.

"आमच्या शहादेवनं आणलंय नगरहून. पापड जराबी चिकटत न्हाई." केशरबाई जरा फुगूनच बोलली. शहादेव तिचा थोरला लेक, विशीतला. नगर म्हणजे इंग्रजी हद्द, आणि तिकडचं वारं त्याला जरा जास्तच लागलं होतं. त्या वेळी कोतवालीचा जमील जमादार लिंबाच्या सावलीत टेकलेला होता. तोही रोज्याचा, उन्हाने हैराण. बायांनी त्याला बघून पदर पुढे ओढले आणि तोंडं फिरवली. तोंड फिरवलं की झालं, अशी आमच्याकडे समजूत आहे.

संध्याकाळी बाया वाळवण भरू लागल्या की रीतीप्रमाणे हजराबीपुढे पसा धरायच्या. ती मान हलवायची.

"घे की गं, राखलंस ना दिवसभर?"

"नको. ऱ्हाऊ द्या."

एकदा नको म्हणाली तेव्हा बायांना ती भिडस्त वाटली. रोजच नको म्हणू लागली तेव्हा त्या सावध झाल्या. इसाकची शपथ सगळ्यांना ठाऊक होती, पण ती आठवली तर केशरबाईचं नाव निघायचं, म्हणून कुणी आठवली नाही. पेठेने आपला सोपा हिशेब मांडला. ही बाई उन्हात मरमर मरते आणि काही घेत नाही. म्हणजे हिला दुसरीकडून मिळतंय. कोण देणार? कोतवाली. बाया अंगणात बसून काय बोलतात ते ही तिकडे पोचवते. त्या काळी परवानगीवाचून चार माणसं जमली तरी कोतवालीचे कान टवकारायचे, तेव्हा हा हिशेब कुणालाच चुकीचा वाटला नाही. बाया अंगणात येत राहिल्या, पण हजराबी जवळ आली की गप्पा थेट मिठामिरचीवर यायच्या. ते तिच्या लक्षात येत होतं. तिला त्याचं फार वाईट वाटे. पण शपथ मोडून पसा घ्यावा, तर मेलेल्या माणसाला खोटं पाडल्यासारखं.

मग एका सकाळी बातमी आली, शहादेवला कोतवालीत नेलं. केशरबाई तेव्हा अंगणातच होती. पापड अर्धे वाळलेले. ते तसेच टाकून ती उठली, फाटकाशी आली आणि हजराबीपुढे उभी राहिली.

"माझं लेकरू नगरला जातं, हे तुलाच ठाव होतं. ह्या अंगणातच मी बोलले होते!"

"ऐकलं सगळ्यांनी, बाई."

"पर पसा न घेणारी तू एकलीच!"

शहादेवला दिवसभर उन्हात उकिडवं बसवून, 'पुन्हा खादी-बिदी दिसली तर बघ' असं दटावून संध्याकाळी सोडलं. पोरगं घरी आलं, पण पेठेची खात्री पटली ती पटलीच. दुसऱ्या दिवसापासून अंगणात कुणी आलं नाही. घोंगडीसुद्धा कुणीतरी सोडून नेली. बाया गेल्या तशी पोरंही गेली. हजराबी फाटक उघडून बसायची आणि समोरून जाणारं माणूस रस्ता बदलून जायचं. केशरबाईचे पापड तिने उन्हं उतरेपर्यंत राखले होते आणि त्याच धोतरात बांधून खोलीत ठेवले होते. ते न्यायला कुणी आलं नाही. उलट केशरबाई पाणवठ्यावर म्हणाली, "तवा सांडगे गेले, आता पापड."

एका दुपारी जमील जमादार खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"बी, सारी पेठ बोल रई के तुम हमको खबर देते," तो हसत म्हणाला. "नाव तो होइच गया. अब सच्ची में देव. घर बैठे काम है."

"मैं काय खबर देऊं, जमादारसाब? बायनाबाईकी कुरडी तुटी, आश्रुबाकी औरत मीठ जास्ती डालती."

जमादाराचं हसू गेलं. त्याची नजर कोपऱ्यातल्या गाठोड्यावर पडली होती. "यही वो कपडा है ना? पापड के नीचे था. मैं तो उसी दिन समज्या के खादी है." मग जाता जाता म्हणाला, "मोहतमिमसाब आने वाले हैं. मैं उनकू बोलूंगा, पेठ का इस औरत पे भरोसा नई. सोच लेव."

तो गेल्यावर हजराबीने गाठोडं सोडून ते कापड हातात धरून बघितलं. म्हणजे शहादेवला पकडून दिलं ते त्याच्या आईने. तोंडाने नव्हे, पापडाने. भर सरकारी अंगणात, जमादाराच्या नाकासमोर, लेकाचं खादीचं धोतर अंथरून वर मिरवलं होतं. पेठेने सगळ्यांच्या जिभा तपासल्या, धोतराचा संशय मात्र कुणालाच आला नाही. आता हजराबीने ओट्यावर उभं राहून हे एकदा मोठ्याने सांगितलं असतं, तर तिचं नाव धुऊन निघालं असतं आणि केशरबाईला पेठेत तोंड दाखवायला जागा उरली नसती. इसाकला जागा उरली नव्हती, तशीच. हा मोह तिला झाला नसेल असं मला वाटत नाही. मला तर झाला असता.

तिने धोतर धुऊन खोलीतच वाळवलं, घडी करून टोपलीच्या तळाशी घातलं, वर पापड रचले आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी टोपली डोक्यावर घेऊन केशरबाईच्या घरी निघाली. दारादारांतून डोळे तिच्या मागे.

"घ्या. तुमचे पापड," ती केशरबाईच्या ओसरीवर म्हणाली. मग आवाज खाली आणला. "कापड तळाला हाय. ते घरातच वाळवत जा, बाई. त्या दिशी जमादार लिंबाखाली बसला होता. त्यानं पापड न्हाई बघितले."

केशरबाईने पापडांखाली हात घातला. जाड कापड हाताला लागलं तशी तिने टोपली घाईने आत ओढली.

"कुनाला बोललीस?"

"मी कुनाला कधी काय बोलते का?" हजराबी म्हणाली आणि आली तशी परत गेली.

मोहतमिम आले तो दिवस पेठ विसरणार नाही. सकाळी अंगण रिकामं, वर्गात चारदोन पोरं, सुंदरराव मास्तरांचा घाम पुसूनही थांबेना. जमील जमादार साहेबांच्या मागे उभा. तेवढ्यात केशरबाई फाटकातून आत आली. एका हाताने तिच्या धाकट्याला धरलेलं, दुसरीकडे कमरेवर शेवयांची टोपली. पोराला वर्गात ढकललं आणि फरशीवर जुनं लुगडं अंथरून तिने शेवया पसरायला घेतल्या. ही कावून आली, हे कळल्याशिवाय पेठेला चैन पडणं शक्य नव्हतं. घटकाभरात बायनाबाई आली, मग बाकीच्या आल्या, कडेवरची, बोटाची पोरं घेऊन. अंगण भरलं, वर्गही भरले. आमच्या पेठेतल्या चौकसपणाने केलेलं हे एकमेव पुण्य.

साहेबांनी भुवया उंचावल्या. "ये क्या मजमा है?"

"हुजूर," मास्तर चाचरत म्हणाले, "माँएं आती हैं, इसलिए बच्चे आते हैं."

जमादार पुढे झुकून साहेबांच्या कानाशी लागला. साहेबांनी हजराबीकडे बोट केलं आणि जवळच्या बाईला, म्हणजे केशरबाईलाच विचारलं, "सुना है, मोहल्ले को इस औरत पर भरोसा नहीं?"

केशरबाई उठली. पदर डोक्यावरून घेतला. सगळं आयुष्य मोठ्याने बोलण्यात गेलेली बाई, त्या दिवशीही ती मोठ्यानेच बोलली.

"सायेब, ही बाई चोर न्हाई अन् चुगलीखोर न्हाई. हिचा नवराबी न्हवता. मी त्याला सांडग्यांचा चोर म्हनले, ते सांडगे त्यो दुपारच्या नमाजाला गेला तवा माझ्या जावंनं घरी नेले होते. आमच्याच उतरंडीत, तळच्या मडक्यात निघाले." मग ती बायांकडे वळली. "ऐकलं का गं? आमच्याच घरात निघाले."

साहेबांना यातलं निम्मं कळलं असेल. पण भरलेले वर्ग त्यांना दिसत होते, आणि इतक्या बायांसमोर एवढं बोलणाऱ्या बाईला काय विचारावं हे त्यांना सुचलं नाही. मदरसा इथंच राहील, असं मास्तरांना सांगून ते टांग्यात बसले. जमादार मागोमाग गेला.

हजराबी केशरबाईजवळ आली.

"कधी निघाले सांडगे?"

"दिवाळीत. मडकी घासायला काढली तवा."

"कंच्या दिवाळीत?"

केशरबाईची मान खाली गेली. "त्याच सालच्या."

"त्यो माघापातूर होता, बाई," हजराबी म्हणाली. "रोज तुमच्या दारावरून पान्याला जायचा."

केशरबाई शेवयांपाशी जाऊन बसली. संध्याकाळी शेवया भरताना तिने हजराबीपुढे एक पसा धरला. हजराबीने नेहमीसारखी मान हलवली. केशरबाईने हात मागे घेतला नाही. "ह्यो तुझा न्हाई," ती म्हणाली. "ह्यो इसाकचा." हजराबीने ओढणीचं टोक पसरलं, पसा घेतला आणि खोलीत गेली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. का म्हणावं?

दोनतीन दिवसांनी ईद झाली. ईदेला मुसलमान घरातून आमच्या घरी कोरडा शिधा यायचा, शेवया, साखर, खारका. शिजवलेलं कुणी पाठवत नसे, आणि पाठवलं असतं तर त्या काळी कुणी खाल्लं नसतं. यात कुणी कुणाचा राग धरत नसे, चालतच आलेलं होतं ते. त्या दिवशी हजराबी भरलेली वाटी घेऊन शाळेच्या ओट्यावर येऊन उभी राहिली आणि केशरबाईच्या दाराकडे बघून तिने हाक मारली.

"केशरबाई, इसाकचा पसा शिजवलाय."

पेठेतली झाडून सगळी दारं किलकिली झाली. केशरबाई बाहेर आली, ओट्यापर्यंत आली, वाटीकडे बघत राहिली. दुधात शेवया, वर खारकेचे काप. वाटीत काही घातलं असेल असा संशय पेठेला आला. पेठेला तो यायचाच. केशरबाई खात नाही, असा संशय हजराबीला होता. तीही शेवटी आमच्याच पेठेतली.

केशरबाई ओट्यावर मांडी घालून बसली. सगळ्या पेठेदेखत तिने वाटी तोंडाला लावली आणि तळापर्यंत संपवली. मग उठून शाळेच्या रांजणातून पाणी घेतलं, वाटी आपल्या हाताने विसळली आणि हजराबीच्या उंबऱ्यावर पालथी घातली.

"त्याला गोड आवडायचं का गं?" तिने विचारलं.

"लई," हजराबी म्हणाली, आणि इसाक गेल्यापासून पहिल्यांदा पेठेसमोर रडली.